पत्र्यावरची साय

साशंक : पत्रा घेणारं गिऱ्हाईक मला कधी विचारत नाही की वरच्या दोन-तीन नॅनोमीटरमध्ये काय आहे. ते विचारतं, रंग किती वर्षं टिकेल. त्याचं उत्तर काढायच्या साध्या रीती आमच्याकडे आहेत. डीग्रीसिंगच्या टाकीतून निघालेला पत्रा पाण्याने खंगाळायचा आणि उभा धरायचा. पाण्याचा पडदा अखंड खाली उतरला तर पत्रा स्वच्छ. मध्येच फाटून थेंब झाले तर परत टाकीत. रंग चढल्यावर ब्लेडने बारीक चौकटी पाडायच्या, वर टेप दाबायची आणि झटक्यात ओढायची. टेपला कपटे चिकटून आले की लॉट थांबला. शेवटी मिठाच्या फवाऱ्याची पेटी: 5 टक्के मीठ, 35 अंश, हजार तास. कंटाळवाणी परीक्षा आहे, पण तिची भाषा शिफ्ट इनचार्जला कळते. आता तुम्ही म्हणता, नखाएवढा तुकडा कापा, ज्या पेटीत हवेचा दाब बाहेरच्या एक लाख कोटीव्या हिश्श्याइतका उरतो तिच्यात ठेवा, त्यावर क्ष-किरण मारा आणि आलेल्या आलेखावरून कारखाना चालवा. आमच्या टाक्या उघड्यावर आहेत. पावसाळ्यात शेडमधून टपकणारं पाणीही कधी त्यांत पडतं. या दोन जगांचा मेळ कसा घालायचा, ते सांगा.

आग्रही : पाण्याच्या पडद्यापासूनच सुरुवात करू, कारण ते पृष्ठभागाचं विश्लेषणच आहे, आणि फार संवेदनशील. तेलाचे एक-दोन थर, तेही रेणूंचे, पडदा फाडायला पुरतात. पण तो पडदा 'काहीतरी बिनसलंय' एवढंच सांगतो. पत्रा तापवून मऊ करायच्या, म्हणजे ॲनिलिंगच्या भट्टीत रोलिंग ऑइल पुरतं जळालं नाही, कुणाच्या हाताचं क्रीम लागलं, साच्याला मारायचा सिलिकोन स्प्रे वाऱ्याने उडून आला, पाणी सगळ्यांसाठी एकसारखंच फाटतं. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. सिलिकोन तर तुमच्या नेहमीच्या डीग्रीसिंगला दाद देत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही ॲल्युमिनियम विकता असं तुम्हाला वाटतं, पण रंग ॲल्युमिनियमला कधी चिकटतच नाही. धातू उघडा पडला की हवेत क्षणात त्यावर ऑक्साइडची साय धरते, दोन ते चार नॅनोमीटर जाडीची. रंग चिकटतो त्या सायीला. मिश्रधातू कोणता, ताकद किती, हे सगळं सायीच्या खालचं. तुमच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं ईडीएस यंत्रही तिथे कामाचं नाही. ते साधारण एक मायक्रोन खोलवरचा माल एकदम मोजतं आणि सांगतं, 'ॲल्युमिनियम आहे'. ते आपल्याला माहीतच होतं. एक्सपीएसची, म्हणजे तुम्ही मघाशी म्हणालात त्या क्ष-किरणांच्या यंत्राची गोष्ट वेगळी. क्ष-किरण आत खोल जातात, पण त्यांनी उडवलेले इलेक्ट्रॉन फक्त वरच्या आठ-दहा नॅनोमीटरमधलेच जिवंत सुटतात. कोणत्या ऊर्जेने सुटले हे मोजलं की अणू कोणता आणि तो कुणाशी बांधलेला, दोन्ही कळतं. धातूतल्या ॲल्युमिनियमचं शिखर 73 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा अलीकडे, ऑक्साइडमधल्याचं 75 च्या आसपास. दोन शिखरांच्या उंचीवरून सायीची जाडी निघते. स्वीडनमध्ये उप्सालाच्या काई सीगबान यांना 1981 साली नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

साशंक : नोबेलबद्दल आदर आहे. आता माझा हिशेब ऐका. दहा टनांची कॉइल, पत्रा एक मिलिमीटर जाड, सव्वा मीटरला जरा कमी, म्हणजे 1.2 मीटर रुंद. उलगडली तर तीन किलोमीटर लांब होते. दोन्ही बाजू धरून साधारण 7,400 चौरस मीटर पृष्ठभाग. तुमचं यंत्र पाहतं 0.3 बाय 0.7 मिलिमीटरचा ठिपका. म्हणजे साडेतीन हजार कोटींतला एक हिस्सा. भात शिजला की नाही हे शितावरून पाहतात, मान्य. पण तिथे सगळी शितं एकाच पातेल्यात उकळलेली असतात. कॉइलच्या कडेला भट्टीत वेगळं तापमान, मधल्या वेढ्यांत तेलाची वाफ कोंडलेली, बाहेरच्या वेढ्यातून ती निघून गेलेली. शीत कुठलं उचलायचं?

आणि उचलण्याचाही एक किस्सा आहे. एका कारखान्यात रंगाला बारीक खळगे पडायला लागले, माशाच्या डोळ्यासारखे. तुकडा तपासायला गेला. अहवाल आला की पृष्ठभागावर मोठ्या साखळीचं अमाइड आहे. महिनाभर ते अमाइड हुडकलं. तेल बदललं, पुरवठादाराशी भांडण झालं. शेवटी कळलं की ते प्लॅस्टिकच्या पिशवीतलं होतं. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत घालतात ते. क्यूसीच्या पोराने तुकडा नीटनेटका पिशवीत घालून पाठवला होता, शाबासकी मिळेल म्हणून! खळगे मात्र पडतच राहिले. जे यंत्र इतकं तीक्ष्ण आहे की पिशवीचा स्पर्शही ओळखतं, ते माझ्या शेडमध्ये मला दिशा दाखवेल की चकवेल?

आग्रही : चूक यंत्राची नाही, पण तेवढं बोलून सुटणं सोपं आहे, म्हणून तसं म्हणत नाही. हवेत दोन मिनिटं राहिलेल्या प्रत्येक तुकड्यावर कार्बन बसतोच. त्यामुळे एकट्या तुकड्याच्या अहवालाला फार अर्थ नसतो, हे मला पूर्ण मान्य. 'यावर काय आहे?' हा प्रश्नच चुकीचा. 'टिकलेल्या पत्र्यावर नाही आणि सोललेल्यावर आहे असं काय?' हा खरा प्रश्न. दोन तुकडे, एकाच हाताने कापलेले, एकाच कागदात गुंडाळलेले. मग पिशवीचं अमाइड दोन्हींवर सारखं दिसलं असतं आणि महिना वाचला असता.

आता एक मोठं उदाहरण घेतो. युरोपात समुद्राकाठच्या इमारतींवर रंगवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली धाग्यासारखा गंज धरायचा. फिलिफॉर्म म्हणतात त्याला. रंगाखालून किडा सरपटत गेल्यासारखी रेघ, खरचटलेल्या किंवा कापलेल्या कडेपासून सुरू होणारी. रंगवाल्यांनी पत्र्याला दोष दिला, पत्रेवाल्यांनी रंगाला, आणि दोघांनी मिळून टाकीवरच्या माणसाला. एकाच मिश्रधातूचे दोन पत्रे, रासायनिक प्रमाणपत्र तंतोतंत सारखं, आणि एक गंजतो, दुसरा नाही. अंतर सापडलं ते सायीच्या जरा खाली. रोलिंगच्या रुळाखाली पत्र्याचा सगळ्यात वरचा भाग नुसता दाबला जात नाही, तो घासला जातो, फरफटतो. तिथे मायक्रोनभर किंवा त्याहून पातळ असा एक चुरगळलेला थर तयार होतो. कण अतिसूक्ष्म, ऑक्साइडचे तुकडे आत मळलेले, पुरणात साल राहावी तसे. पुढे भट्टीत तापला की या थराची वीजरासायनिक वागणूक खालच्या धातूपेक्षा वेगळी होते आणि गंजाला आयती पायवाट मिळते. सूक्ष्मदर्शकातून छेद पाहिले, पृष्ठभाग थराथराने उडवत मोजमाप केलं, तेव्हा हे कळलं. उपाय काय निघाला? एचिंग, म्हणजे वरचा धातू रसायनात विरघळवणं. क्वालिकोट या युरोपीय गुणवत्ता-चिन्हाची अट आहे: एचिंगमध्ये दर चौरस मीटरला किमान 1 ग्रॅम धातू गेला पाहिजे, समुद्राकाठच्या कामासाठी 2 ग्रॅम. भागाकार करून पाहा. 1 ग्रॅम म्हणजे 0.37 मायक्रोन, 2 ग्रॅम म्हणजे 0.74. तो चुरगळलेला थर खरवडून टाकायला लागते साधारण तेवढीच खोली.

साशंक : यात तर माझीच बाजू भक्कम झाली. ही अट पाळायला काय लागतं? तराजू. तुकडा एचिंगआधी तोला, नंतर तोला. माझे जुने मिस्त्री अट येण्याआधीपासून सांगत होते, 'साहेब, या लॉटला कॉस्टिकमध्ये जरा जास्त बुडवू या.' का, ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण हात बरोबर चालत होता. तुमचं शास्त्र मागाहून आलं आणि त्यांच्या हाताला नाव देऊन गेलं.

बरं, दोन ग्रॅमच का? कॉइल मोजली म्हणून? छे. कुठल्या कॉइलवर तो थर किती जाड आहे हे कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांचीच सरसकट हजामत. मघाच्या कॉइलचं धरा. 7,400 चौरस मीटर, दोन ग्रॅमप्रमाणे पंधरा किलो चांगला धातू कॉस्टिकमध्ये विरघळवायचा. त्याचा पांढरा गाळ होतो, तो उपसा, निथळवा, ट्रकमध्ये भरा, विल्हेवाटीचे पैसे मोजा, प्रदूषण मंडळाला कागद द्या. तुमचं यंत्र खरोखर कामाचं असतं तर त्याने मला सांगितलं असतं, 'या कॉइलला 0.6 ग्रॅम पुरे, त्या कॉइलला 1.8.' हे सांगतं का ते?

आग्रही : रोज, प्रत्येक कॉइलला? नाही सांगत. ग्लो डिस्चार्जचं यंत्र त्याच्या सगळ्यात जवळ जातं. आर्गॉनच्या तेजाळत्या दिव्याने पृष्ठभाग मिनिटाला काही मायक्रोन या वेगाने खरवडत जायचं आणि निघणाऱ्या प्रकाशावरून खोलीप्रमाणे मूलद्रव्यं वाचायची. दहा मिनिटांत काम होतं, फार मोठं निर्वातही लागत नाही. पण ठिपका चार मिलिमीटरचा, आणि रोलिंगच्या पत्र्यावर रेघांच्या डोंगर-दऱ्या आधीच पाव-अर्ध्या मायक्रोनच्या. डोंगरमाथा आणि दरी एकाच वेळी खरवडली जाते, म्हणून 'इतक्या नॅनोमीटरवर हे' असं छातीठोक सांगणं अवघड. हे मी तुमच्या हातात आपण होऊन देतो.

पण मिस्त्रीच्या हाताबद्दल एक सांगू? जिथे त्याचा हात पोचलाच नसता अशी गोष्ट शिशाची आहे. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात केमाल निशानजोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्षानुवर्षं धसास लावली. ॲल्युमिनियममध्ये शिसं दहा लाखांत मोजके भाग, म्हणजे प्रमाणपत्रात अशुद्धी म्हणूनही जे कुणी वाचत नाही इतकं. घन ॲल्युमिनियममध्ये शिसं जवळपास विरघळत नाही. धातू 600 अंशांना तापवला की ते सरकत सरकत वर येतं आणि साय व धातू यांच्या सांध्यात जाऊन बसतं. तिथे त्याचं प्रमाण आतल्यापेक्षा शेकडो पटींनी वाढतं. मग मिठाच्या पाण्यात सायीची पकड सुटते आणि धातू एरवीपेक्षा खूप आधी गंजायला लागतो. आता मजा अशी, की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या फॉइलमध्ये हेच शिसं लोक मुद्दाम राखतात, तेही दहा लाखांत एखादा भाग. 99.99 टक्के शुद्ध ॲल्युमिनियम, आणि त्यात मोजून-मापून ठेवलेली ही मळी! कारण तिथेही ते वर येतं आणि ॲसिडमध्ये सूक्ष्म बोगदे सगळीकडे एकसारखे पडायला मदत करतं. एका मालात वैरी, दुसऱ्यात सोयरा. वितळलेल्या धातूचं प्रमाणपत्र यातलं काहीच सांगत नाही.

आणि हे आज जास्त महत्त्वाचं आहे. भंगारातून ॲल्युमिनियम काढायला खनिजातून काढण्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जा लागते, म्हणून सगळे भंगाराकडे वळलेत. भंगाराबरोबर शिसं येणार, कथील येणार, जस्त येणार. सरासरी मर्यादेतच असेल. साय मात्र सरासरी पाळत नाही.

साशंक : गोष्ट पटते आणि झोपही उडवते. पण तुमच्या 600 अंशांवर मला थांबू द्या. त्या तापमानाला आमच्याकडे ओतलेला ठोकळा तापवतात. त्यानंतर त्याची वरची कातडी मशिनने सोलून टाकतात आणि मग रोलिंग. शेवटचं ॲनिलिंग साडेतीनशेच्या आसपास होतं. प्रयोगशाळेने स्वतः बनवलेल्या स्वच्छ नमुन्याला 600 अंशांत तास-दीड तास ठेवलं आणि शिसं वर आलं. माझ्या भट्टीत येतं का? तुमच्या लेखांत 'संबंध दिसतो' असतं, माझ्याकडे 'माल पाठवू की नको' असतं.

शिवाय तुमच्या अहवालाचं रूप. अणूंची टक्केवारी, दशांशासकट. ऑक्सिजन 41.3, कार्बन 29.8. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. एकीने आर्गॉनच्या माऱ्याने आधी 'थोडं साफ' केलेलं असतं. त्या माऱ्याने काही ऑक्साइड मोडतात, वरचे अणू खाली ढकलले जातात. म्हणजे तुम्ही जे मोजता ते मोजता मोजताच बदलता. सगळी मोजपट्टी ज्या कार्बनच्या शिखरावर टांगायची, त्या 284.8 या आकड्यावरच तुमच्यात वाद आहेत असं ऐकतो. आणि एवढं सगळं झाल्यावर टाकीवर वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं, की बाबा, तुझ्या डोळ्यांना आता किंमत नाही, कारण टेबलावर आलेख आलाय.

आग्रही : भट्टीबद्दल तुमचं बरोबर. साडेतीनशेला शिशाची भीती कितपत, हे तुमच्याच पत्र्यावर पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. त्या तापमानाला मी आधी मॅग्नेशियमकडे पाहीन. ते पटापट वर येतं, सायीत मॅग्नेशियम ऑक्साइड वाढतं, आणि डिंक असो की रंग, पकड ढिली पडते. आलेखावरचे दशांशही मला पटत नाहीत. फरक मोठा असेल तरच मी तोंड उघडतो.

पण डोळ्यांची किंमत कुणी घालवली ते पाहू या. रंगाआधीची क्रोमेटची टाकी आठवते? पत्रा पिवळाधमक, सोनेरी व्हायचा. फिकट निघाला तर थर पातळ, तपकिरी झाला तर जास्त. टाकीवरचा माणूस रंग पाहून वेळ कमी-जास्त करायचा. शेकडो नॅनोमीटरचा जाड, दयाळू थर होता तो. ओरखडा पडला तर थोडा स्वतःच भरून काढायचा. पण षट्संयुजी क्रोमियम कर्करोग करतं, आणि त्या वाफेत तोच माणूस उभा होता. युरोपात 21 सप्टेंबर 2017 पासून खास परवानगीशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरता येत नाही. निर्यात करणाऱ्या आपल्या कारखान्यांनाही बदलावं लागलं. आता टायटॅनियम-झिर्कोनियमचा थर आला, दहा-वीस नॅनोमीटरचा. त्याला रंगच नाही! पत्रा टाकीत जाताना जसा, तसाच बाहेर. त्या माणसाच्या हातातलं मोजमाप आपण काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही. माल परत आला की मात्र कागदावर लिहितो, 'डीग्रीसिंगमध्ये हलगर्जी'. तो बहुधा कंत्राटी असतो, त्यामुळे प्रकरण लवकर मिटतं. पृष्ठभागाचा आलेख पुष्कळदा त्याच्या बाजूने साक्ष देतो. खराबी भट्टीतून, धातूतून, पाण्यातून आली, हातातून नाही, असं म्हणणारं कारखान्यात दुसरं कोण असतं?

साशंक : हे लागलं. पिवळ्या रंगाचं मी विसरलो होतो. तरी पुढचं ऐका. आम्ही झिर्कोनियम मोजायचं पिस्तुलासारखं क्ष-किरण यंत्र घेतलंय. दर चौरस मीटरला किती मिलिग्राम, आकडा येतो, वहीत लिहितो. आकडा ठीक, आणि तरी मागच्या पावसाळ्यानंतर कोकणातल्या एका कामाचे पोपडे परत आले. मग आकड्याचा उपयोग काय?

आग्रही : ते यंत्र किती पडलं ते सांगतं, कुठे पडलं ते नाही. मिश्रधातूत लोखंडाचे, तांब्याचे बारीक कण असतात. झिर्कोनियम त्यांच्याभोवती ढीग करतं आणि मधली जमीन उपाशी राहते. बेरीज बरोबर, वाटप चूक. ऑजे सूक्ष्मदर्शकाखाली हे वाटप दिसतं.

साशंक : दिसल्यावर? टाकीची आम्लता किती ठेवू, ढवळणी किती, बुडवणं साठ सेकंद की नव्वद? मला अहवाल नकोय, सीमारेषा हवी. इकडे चालेल, तिकडे चालणार नाही. अहवाल तीन आठवड्यांनी येतो, तोवर पत्रा छपरावर चढलेला असतो.

आग्रही : सीमारेषा मी देऊ शकत नाही. कुणी देतो म्हणाला तर त्याच्यापासून जपून राहा. फरक दाखवू शकतो. त्यावरून टाकीत काय बदलायचं हे पुन्हा तुमचा मिस्त्री, तराजू आणि हजार तासांची पेटी यांनीच ठरवायचं. आणि ती पेटीही निर्दोष नाही. सतत ओल्या धुक्यात धाग्याचा गंज नीट वाढत नाही. त्याला ओल आणि कोरड यांच्या मधली स्थिती लागते. पेटीत पास झालेला पत्रा कोकणात नापास होतो तो काही जादूने नव्हे. आपल्या दोघांकडेही अर्धवटच साक्षीदार आहेत. बरं, परत आलेले पोपडे मला द्या. सोबत त्याच महिन्यातल्या टिकलेल्या कॉइलचा एक तुकडा द्या, न रंगवलेला.

साशंक : तो नाही.

आग्रही : कुठल्याच चांगल्या कॉइलचा नाही?

साशंक : चांगला माल विकला जातो. आमच्याकडे राहतो तो परत आलेला. गोदामात पंधरा वर्षांच्या तक्रारींचे तुकडे आहेत, चिठ्ठ्या लावलेले. तक्रार आली नाही त्याचा एकही नाही. बरं, उद्यापासून प्रत्येक कॉइलच्या शेवटच्या वेढ्यातून वीतभर पत्रा कापून ठेवतो. पण सांगा, कपाटात दोन वर्षं पडलेल्या त्या तुकड्याची साय वाढणार, त्यावर कार्बन बसणार. तो तेव्हा 'चांगला' राहील का?

आग्रही : पूर्ण नाही. जो धातूतून वर आला तो फरक बराचसा टिकेल, जो वरून बसला तो पुसट होईल. म्हणून तारीख लिहा, भट्टीचा नंबर लिहा, आणि कडेला धरा, मध्ये बोट लावू नका.

साशंक : गुंडाळू कशात? पिशवी तर बाद झाली.

आग्रही : ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. फक्त पोळ्या गुंडाळायची घरची घेऊ नका. तिच्यावर रोलिंगच्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो.